मोकळ्या फळीवरचं वजन

“वर जे कोणी आहे... त्यांचं वजन किती?”

हा प्रश्न मोठ्याने विचारून दाखव, अशी पैज तिच्या मैत्रिणींनी लावली होती. आणि तिने तो विचारला. कॉटवर उभी राहून, मान वर करून, अगदी स्टेजवरून विचारावा तसा.

पुढे काय झालं ते सांगतेच. पण आधी एक.

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मीही फिदीफिदी हसले होते. जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावसबहीण. शाळेत तिला सगळे भोंगा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. भोंगा काहीही करेल, पण खोटं बोलणार नाही. तिच्या तोंडात साधा तीळ भिजत नाही, तिथे खोटं कुठलं टिकायला!

आणि भुतांना काळोखच लागतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते... हे सगळं भर दुपारी घडलं. शनिवारी. खिडकीतून लख्ख ऊन येत असताना.

घरही काही भुताटकीचं नाही. एकसारख्या नव्या घरांची रांग, त्यातलं टोकाचं घर. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, आणि त्यांच्यावर उतरत्या छपराखालचा पोटमाळा. त्या घरात आजवर कोणी मेलेलं नाही. भोंगाच्या घरच्यांआधी तिथे कोणी राहिलेलंसुद्धा नाही.

तर, शनिवार.

भोंगाच्या खोलीत तिच्यासोबत तिच्या दोन मैत्रिणी होत्या. एक चष्मिश, दुसरी जिराफ. तिघी कॉटवर लोळत गप्पा हाणत होत्या.

तेवढ्यात डोक्यावर...

कर्र्र...

“उंदीर,” चष्मिश म्हणाली.

पुन्हा... कर्र्र. सावकाश. कोणीतरी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यावा तसा.

“एवढा जाडा उंदीर?” जिराफने विचारलं.

“घाबरलीस! घाबरलीस!” चष्मिश टाळ्या पिटायला लागली. “भोंगे, तुझे बाबा घरातल्या प्रत्येक वस्तूचं वजन करतात ना? मग भुताचं तेवढं का सोडलंय? विचार त्याला. मोठ्याने. नाही विचारलंस तर सोमवारपासून तुला भोंगा नाही, पिपाणी म्हणणार.”

भोंगा उठली. उभी राहिली. विचारलं.

आधी काहीच झालं नाही.

आवाजही थांबला. वर कोणीतरी श्वास धरून ऐकत असावं, इतकी शांतता...

मग कर्र्र... आणि अगदी तिच्या डोक्याच्या रेषेत येऊन थांबलं.

छताला केसाएवढी एक चीर होती. त्या चिरेतून पांढरी भुकटी पडली. अलगद. तिच्या उशीवर.

“मला आई बोलावतेय,” जिराफ म्हणाली.

“फोन कुठे वाजलाय तुझा?”

“वाजेल ना!”

दोघी जिन्यावरून धडाधड उतरल्या. एकीची चप्पल तिथेच राहिली. भोंगा मात्र कॉटवर तशीच उभी. तिला भीती वाटत होती का? वाटत होती. पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी तिला टोचत होतं.

कारण ती खोली मुळात तिची नव्हतीच.

ती आजोबांची खोली होती. बाबांच्या बाबांची. आयुष्यभर लोकांच्या घरांना रंग देणारा हा माणूस. दारातून आत आला की दार भरून जायचं, एवढा धिप्पाड. भोंगा हॉलमध्ये झोपायची, हॉलमध्येच अभ्यास करायची, आणि परवापरवापर्यंत चारचौघांत तोंडही उघडायची नाही. तिला बोलायला कोणी शिकवलं? आजोबांनी. “बोलणाऱ्याचा कोंडा खपतो पोरी, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात,” असं म्हणायचे. ते कॉटच्या कडेला बसायचे, ही समोर उभी राहून भाषण म्हणायची. अडखळली की ते हाताने खूण करायचे, सावकाश, सावकाश. भाषण संपलं की जोरात टाळ्या.

भोंगा वक्तृत्वात पहिली आली. मग काय! पोरीला पंखच फुटले. वर्गात बोल, रिक्षात बोल, दुकानदाराशी बोल.

त्याच सुमारास आजोबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग गॅस बंद करायचं. एकदा पातेलं जळून कोळसा झालं.

आणि एका जेवणाच्या वेळी भोंगाने भाषण केलं.

अगदी मुद्देसूद. पहिला मुद्दा, आई शाळेची बस चालवते, बाबांचं औषधाचं दुकान, दिवसभर आजोबांवर लक्ष कोण ठेवणार? दुसरा मुद्दा, तिकडे डॉक्टर असतात, सिस्टर असतात, त्यांच्या वयाची माणसं असतात. तिसरा मुद्दा, माझं बोर्डाचं मोठं वर्ष जवळ आलंय, मला खोली लागेल.

हीच गोष्ट आई-बाबांच्याही मनात होती, फक्त ओठांवर यायची लाज वाटत होती.

आजोबा टेबलाशीच बसले होते. विषय काय चाललाय ते त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना वाटलं, पोरगी स्पर्धेची तयारी करतेय.

त्यांनी टाळ्या वाजवल्या.

“नंबर आणणार ही!” असं म्हणाले.

बस्स. महिन्याच्या आत आजोबांचं तिकडे जायचं पक्कं झालं. ‘तिकडे’ म्हणजे कुठे, तो शब्द त्या घरात कोणी उच्चारत नाही. मीही उच्चारत नाही.

मग प्रश्न आला सामानाचा. रंगाचे ब्रश, जुने कोट, शिड्या, खोकी. “फेकायचं नाही हं,” बाबा म्हणाले. “माळ्यावर ठेवू. ते परत आले तर...” वाक्य तिथेच राहिलं.

माळा तयार करायला सुतारकाका आले. बोलायला मिठ्ठास आणि कामाला चोख. त्यांनी आईला वर नेऊन सगळं दाखवलं.

“हे बघा वहिनी, नव्या घरांचं छप्पर या लाकडी त्रिकोणांवर उभं असतं. आम्ही यांना कैच्या म्हणतो. छप्पर पेलायचं एवढंच यांचं काम, गोदाम पेलायचं नाही. तेव्हा जागा होत नाही म्हणून एखादं लाकूड कापू म्हणाल तर मी आत्ताच घरी जातो.”

“नाही हो कापत. आणि ही खाली गादी कसली?”

“ही घराची ऊब धरते. हिच्यावर फळ्या दाबून मारल्या की हिचा जीव गेला. म्हणून तुळयांवर आधी हे प्लॅस्टिकचे पाय, आणि पायांवर फळ्या. कडेने हवा खेळायला जागा, नाहीतर ओल धरेल. दिव्यांच्या वायरी मोकळ्या. आणि फळ्या बसेपर्यंत पाऊल तुळईवरच टाका. मधे टाकलंत तर जिना लागणार नाही, थेट खालच्या कॉटवर उतराल.”

आई हसली. बाबा मात्र हसण्यावारी नेणाऱ्यांतले नाहीत. औषधं मोजून देणारा माणूस तो! सुतारकाका म्हणाले होते, हलकंच सामान ठेवा, आणि पसरून ठेवा. झालं. बाबांनी बाथरूममधला तो गोल काट्याचा वजनकाटा हॉलमध्ये आणला. आधी स्वतः उभे राहायचे, मग खोकं उचलून उभे राहायचे, वजाबाकी करायचे, आणि खोक्यावर जाड पेनने आकडा लिहायचे. भोंगाची कॉट जिथे येणार होती तिथल्या बरोबर वरच्या फळ्या तर त्यांनी पूर्ण मोकळ्या ठेवल्या. “लेकीच्या डोक्यावर सुई पण नको,” असं म्हणाले.

हे चाललं होतं त्याच दिवशी आजोबा तिकडे जायला निघाले होते. अंगात कोट, हातात पिशवी. हॉलमधला काटा बघून थांबले. आणि बुटांसकट त्याच्यावर चढले.

“माझंही करून टाका,” म्हणाले. “मलाही वरच टाकताय ना?”

सगळे हसले. अगदी खोखो. बाबांनी वाकून आकडाही वाचला, “चौऱ्याऐंशी! तुम्ही नाही हो मावणार वर.”

भोंगाही हसली होती. ते हसू तिला आता आठवलं की घास गिळवत नाही.

आता परत या त्या शनिवारवर.

त्या दुपारी तिने आई घरी आल्याआल्या चीर दाखवली. आईने बाबांना, बाबांनी सुतारकाकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी काका शिडीवरून वर गेले. बराच वेळ वरच होते.

मग हाक आली, “साहेब... जरा वर येता?”

भोंगा शिडीच्या खाली उभी राहून ऐकत होती.

“या कोपऱ्यात काय ठेवलं होतं?”

“काहीच नाही. ती जागा मी मोकळी ठेवलीय.”

“आठवून सांगा. बॅग, ट्रंक...?”

“अहो, काहीच नाही! प्रत्येक खोकं मी मोजून ठेवलंय. सगळी पलीकडे आहेत.”

फळी उचलल्याचा आवाज आला.

“मग हे पाय का वाकलेत?” सुतारकाकांनी विचारलं. “बाकीच्या सगळ्या फळ्यांखालचे ताठ आहेत. फक्त इथलेच वाकलेत. फळी खाली बसलीय, गादी चेपलीय. साहेब, नुसत्या हवेने असं होत नाही.”

त्यांनी पाय बदलले, फळी सरळ केली. जाताना भोंगाकडे बघून म्हणाले, “ताई, कॉट जरा सरकवून घे.” आणि चहा न घेता गेले.

कॉट सरकवली.

दोन दिवसांनी चीरही सरकली. कॉटच्या मागोमाग.

मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी तर मैत्रिणीकडे राहायला गेले असते. भोंगाने वजनकाटा उचलला.

बुधवारची दुपार होती. आई बसवर, बाबा दुकानात. तिने घडीची शिडी खाली ओढली आणि काटा काखोटीला मारून वर चढली. दिवा लावला. पलीकडे आजोबांची खोकी नीट रांगेत, प्रत्येकावर बाबांच्या अक्षरात आकडा. अलीकडे त्या मोकळ्या फळ्या. स्वच्छ. धूळसुद्धा नाही.

धूळ का नाही, हा विचार तिच्या मनात नंतर आला...

तिने काटा त्या फळीवर ठेवला. सुई शून्यावर.

ती बघत बसली. शून्य.

“काय मूर्ख आहे मी,” ती मोठ्याने म्हणाली. स्वतःच्या आवाजाने तिला धीर आला. ती वळली आणि शिडीवर एक पाय टाकला.

कर्र्र...

तिने मान वळवली.

सुई हलत होती.

आधी थोडी... आपण काट्यावर एक पाय ठेवतो ना, तशी. थरथरत. मग एकदम पुढे गेली, थोडी मागे आली, डोलली...

आणि थांबली.

एकवीस.

काट्यावर काहीही नव्हतं. नुसता काटा, वर पिवळा दिवा, आणि एकवीस.

तिची पाचावर धारण बसली. खाली कशी आली ते तिला आजही आठवत नाही. हॉलच्या सोफ्यावर उशी पोटाशी धरून ती आई येईपर्यंत बसून राहिली. पण डोक्यात आकडा फिरत होता. एकवीस म्हणजे कोण? मोठ्या माणसाचं वजन एवढं नसतं. लहान मुलाचं असेल. पण या घरात लहान मूल कुठलं?

उत्तर तिला रविवारी मिळालं. तिकडे.

खरं तर गेले काही रविवार ती गेलीच नव्हती. सराव, क्लास, मैत्रिणीचा वाढदिवस... कारणांना काय तोटा! त्या रविवारी मात्र ती स्वतःहून गाडीत बसली.

आजोबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. तिने त्यांना ओळखलंच नाही. दार भरून टाकणारा माणूस आणि आता... कोटाच्या आत कोणीतरी कोट घालून बसलंय असं वाटत होतं. बाह्यांतून नुसती मनगटं.

“कोण गं तू?” त्यांनी विचारलं. मग तोंड उजळलं. “नंबर आणलास का?”

“आणला आजोबा.”

“जेवत नाहीत फारसे,” सिस्टर आईला हळूच सांगत होती. “दर आठवड्याला वजन उतरतंय. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही सापडत नाही. आता त्रेसष्टवर आलेत.”

त्रेसष्ट.

भोंगाच्या डोक्यात वजाबाकी आपोआप झाली. तिला करायची नव्हती. पण बाबांची लेक ना ती...

चौऱ्याऐंशीतून त्रेसष्ट गेले.

उरले एकवीस.

ती आजोबांच्या समोर खालीच बसली. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. हात इतका हलका, की फिरतोय हे दिसलं म्हणून कळलं.

“एक सांगू का तुला,” ते खाली वाकून कानात कुजबुजले. “दिवसाढवळ्या खोलीत दिवा कशाला लावतेस गं? फटीतून सरळ डोळ्यांवर येतो माझ्या.”

“...कुठल्या फटीतून, आजोबा?”

“आणि पाय वाजले तर रागावू नकोस. मी हळूच चालतो. पण तुझं भाषण सुरू झालं की जवळून ऐकावंसं वाटतं.”

चिरेबद्दल त्यांना कोणीही सांगितलेलं नव्हतं. बाबांनी नाही, आईने नाही. तिने परतताना गाडीत दोघांनाही शपथ घालून विचारलं.

बाबा गाडी चालवत होते. त्यांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

मग तिने सगळं सांगितलं. काटा, सुई, एकवीस.

“उंदीर असेल,” आई म्हणाली.

“एकवीस किलोचा उंदीर? आई, तो आपल्याकडे भाडं मागेल!”

कोणी हसलं नाही.

घरी पोचल्यावर बाबा कपडेही न बदलता थेट माळ्यावर गेले. भोंगा मागोमाग. काटा तिने ठेवला होता तिथेच होता. सुई एकवीसच्या किंचित पुढे गेली होती.

बाबांनी काटा उचलला. सुई शून्यावर आली. त्यांनी तो टिचक्या मारून पाहिला, हलवून पाहिला, पलीकडच्या फळीवर ठेवून स्वतः उभे राहिले. वजन बरोबर दाखवलं. एक खोकं ठेवलं. त्यावर लिहिलेल्या आकड्यावर सुई नेमकी थांबली.

मग त्यांनी काटा पुन्हा मोकळ्या फळीवर ठेवला आणि हात मागे घेतले.

सुई चढायला लागली... सावकाश... सावकाश...

“स्प्रिंग गेलीय,” बाबा म्हणाले.

त्यांचा आवाज ओला होता. खाली येऊन ते बेसिनपाशी हात धुवायला उभे राहिले ते किती तरी वेळ धूतच राहिले. आईने शेवटी नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सगळी खोकी माळ्यावरून खाली आणली. एकूण एक. वर सुईसुद्धा ठेवली नाही. माळ्याला विश्रांती मिळेल, चीर थांबेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं असावं. हॉलमध्ये चालायला जागा उरली नाही. आजोबांच्या कोटांचा, टर्पेंटाइनचा वास घरभर पसरला.

आणि वरचा आवाज...

थांबला नाही. उलट मोकळं मिळाल्यासारखा फिरायला लागला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आता दुपारी भोंगा शाळेतून आली की तिच्यासोबत जिना चढायचा. ती टेबलाशी बसली की वर तोही बसायचा. एकदा तिने मुद्दाम जुनं भाषण म्हणून पाहिलं. मधेच अडखळली.

वर कोणीतरी फळीवर दोनदा थोपटलं. सावकाश, सावकाश.

ती रडली. घाबरून नव्हे.

मला हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा मी विचारलं, “अगं, पण मग भीती कसली? तुझेच तर आजोबा.”

ती म्हणाली, “तुला कळत नाहीये. ते तिथे कमी होतायत आणि इथे वाढतायत. सगळे इकडे आले की तिकडे काय राहील?”

मी फोन ठेवला. तेव्हापासून मी वजनकाट्यावर उभी राहिलेली नाही. आमच्या घराला माळाच नाही, तरीही कोणी नातेवाईक फार बारीक झालेले दिसले की माझी नजर आधी छताकडे जाते.

मागच्या आठवड्यात, जेवणाच्या वेळी, तिकडून फोन आला. आईने स्पीकरवर टाकला.

“दोन दिवस झाले, पाण्याशिवाय काही घेत नाहीयेत,” सिस्टर सांगत होती. “ताट पुढे केलं की म्हणतात, माझं झालंय, मी घरी जेवून आलो. उचलून बसवताना तर... कसं सांगू, अंगाला हात लावला तर उशी उचलल्यासारखं वाटतं हो.”

फोन संपला. ताटं तशीच.

“वयच आहे ते,” आई म्हणाली. कोणाकडेही न बघता. “तिकडे डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत. आपण वेगळं काय करणार?”

“आणि इथे आणलं तरी दिवसभर बघणार कोण?” बाबा म्हणाले. “तू बसवर. मी दुकानात. शिवाय हिचं मोठं वर्ष...”

भोंगा ऐकत होती. एकेक वाक्य तिच्या ओळखीचं होतं. तिचेच मुद्दे होते ते. तिनेच या दोघांच्या तोंडी दिले होते, आणि आता ते दोघं त्यांच्यामागे लपून बसले होते.

वर काहीच वाजत नव्हतं. बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा...

ती उठून उभी राहिली. खुर्ची मागे सरकली.

“माझं अंथरूण मी हॉलमध्ये आणलंय,” ती म्हणाली. “पुस्तकंही आणली. ती खोली रिकामी आहे. सकाळी बाबा दुकान उशिरा उघडतील. दुपारी दोन फेऱ्यांच्या मधे आई, तू घरी येशील. शाळा सुटल्यावर मी. गॅसला कुलूप बसवून घेऊ.”

“आणि मधला वेळ?” बाबांनी विचारलं.

“मधल्या वेळाचं मला माहीत नाही, बाबा. शोधू काहीतरी.”

“अगं, असं घाईने ठरवून...”

“त्यांना पाठवताना आपण घाईच केली होती ना?”

आईने तोंडावर पदर नेला. बाबा ताटाकडे बघत राहिले.

“मी विचारत नाहीये,” भोंगा म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मी सांगतेय. उद्या सकाळी आपण आजोबांना घरी आणतोय. तिकडे जेवढे उरलेत... तेवढे.”